आखाजीला चित्र पाठवा

पंचवटी, नाशिक
४ एप्रिल १९९४

सौ. सुवर्णाताई पगारे यांना नमस्कार.

‘सनविवि’ लिहून पत्र सुरू करायचं माझ्या जिवावर येतं, रजेचा अर्ज लिहितेय असं वाटतं. तेव्हा नुसता नमस्कारच गोड मानून घ्या.

आपली ओळख नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये तुम्ही माझं प्रदर्शन बघायला आलात, त्या दिवशी मी शाळेत परीक्षेच्या वर्गावर होते. दुसऱ्या दिवशी तुमचे मिस्टर एकटेच आले, ‘झोका’ या चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “हे द्या. बायकोला काल इथून हलवताना नाकी नऊ आले.” ते चित्र काढणारी मी, लता देवरे. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवते.

पत्राचं कारण सांगते. माझं चित्र विकत घेणाऱ्याला मी एक अट घालते. तुमचे मिस्टर चित्र चादरीत गुंडाळून एम-एटीला बांधत होते, तेव्हा त्यांनाही घातली होती. पण गाडी सुरू होती आणि ते नुसतेच “हो हो मॅडम” म्हणाले. म्हणजे त्यांनी काही ऐकलेलं नाही. वर्गात मान डोलावणाऱ्या मुली मी रोज बघते.

अट अशी. दर वर्षी आखाजीला चित्र आठ दिवस आमच्या घरी माहेरपणाला पाठवायचं.

हसू नका. ही माझ्या आईची करणी आहे. आई सटाण्याकडची. तिकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते. निंबाला झोके बांधतात, मांडे होतात, आमरस होतो. मी आईची एकुलती एक, आणि मी लग्न केलं नाही. पाचेक वर्षांपूर्वी माझं पहिलं चित्र विकलं गेलं आणि मी दोन दिवस जेवले नाही. भिंतीवर त्या चित्राच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला होता, तेवढाच काय तो पांढरा, बाकी भिंत कळकट. आई म्हणाली, “मनी पोरले सासर नही, मंग आखाजीले मना घर कोन येई? तेच चित्र बलाव.” मनी म्हणजे माझी, बलाव म्हणजे बोलाव. मी चेष्टा समजले. ती स्वतः त्या माणसाच्या घरी गेली आणि चित्र काखोटीला मारून रिक्षातून घेऊन आली.

तेव्हापासून हा रिवाज. बहुतेक जण पाठवतात. एका बँकेच्या मॅनेजरांनी तर सोबत पेढेही पाठवले होते.

पुढच्या महिन्यात आखाजी आहे. एकलहऱ्याहून पंचवटी काही लांब नाही. चित्राबरोबर तुम्हीही यावं. आईला माणसं लागतात.

तुमची,
लता देवरे

ता.क. चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं नाही ना? फोडणीच्या धुराने तैलरंगावर तवंग धरतो.


२० मे १९९४

सुवर्णाताई,

‘झोका’ सुखरूप पोचला असेलच. तुमचे मिस्टर चित्र आणून देताना आणि परत नेतानाही एकटेच आले. “ती का नाही आली?” म्हणून आईने विचारलं, तर “कामं असतात” म्हणाले. कामं आम्हालाही असतात हो. पुढच्या वर्षी हे कारण चालणार नाही.

या वर्षी आमच्याकडे सात चित्रं आली होती. बाहेरच्या खोलीत ती भिंतीला टेकवून ठेवली आणि मधोमध सतरंजी टाकून आम्ही दोघी जेवलो. आईने प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, म्हणजे चौकटीच्या लाकडाला. एक चित्र घोटीच्या भातखाचरांचं आहे, ते आता कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडे असतं. ते फार सुकलेलं दिसलं. डॉक्टरांनी उन्हासमोर लावलंय हे मी ताबडतोब ओळखलं आणि त्यांना चिठ्ठी पाठवली. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देण्याचं समाधान काही वेगळंच.

तुमचं चित्र मी सगळ्यात जास्त वेळ बघत बसले. ते मी आईच्या गावी काढलं होतं. भर दुपारी, पोरी झोक्यावरून उतरून जेवायला गेल्या होत्या तेव्हा. निंबाची सावली, दोर, फळी आणि फळीवर कुणी नाही. विकताना वाईट वाटलंच, पण काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. हातातून वस्तू गेल्यासारखं नाही वाटत. आपण घरात बोलत असतो आणि अचानक लक्षात येतं, की ऐकणारं कुणी खोलीत नाहीये. तसं.

आता एक गंमत. चित्र नीट बघा. माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवत नसतात, चोळीबांगडी काही ना काही द्यावं लागतं. आई बसलीच माझ्या मानगुटीवर, “पोरले रिकामा हाते धाडतस का?” म्हणून मी दर वर्षी प्रत्येक चित्रात काहीतरी नवं घालून देते. छोटंसं. तुमच्या झाडावर एक पोपट बसवलाय. सापडतो का बघा.

आई आत्ताही ओरडतेय, की केसांत ब्रश खोचून पत्र लिहू नको, पाठ रंगते. काल मी तशीच भाजीबाजारात गेले होते म्हणे. कुणी सांगितलंही नाही.

तुमची,
लता


१४ मे १९९५

प्रिय सुवर्णाताई,

पोपट सापडायला तुम्हाला तीन दिवस लागले असं मिस्टरांकडून कळलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण तुम्ही याही वर्षी आला नाहीत. आता मी रागावणार आहे, आधी सांगून ठेवते.

या वर्षी तुमच्या चित्राला मोठं लेणं दिलंय. प्रदर्शनात एक जाणकार गृहस्थ म्हणाले होते, चित्र चांगलं आहे पण सुनं आहे. ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यात भुणभुणत होतं. झोका बांधायचा आणि वर कुणी बसायचं नाही, हे बरं दिसतं का? म्हणून फळीवर एक मुलगी बसवली. पाठमोरी आहे. हिरवं लुगडं, सैलसा अंबाडा, अंबाड्यात एक काडी. झोका थोडा पुढे गेलाय आणि पदर मागे उडतोय. इतकं मनासारखं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. आईने तर चित्राचा मुकाच घेतला, आणि ओला रंग तिच्या नाकाला लागला.

मला तुमचं पत्र हवंय. मिस्टरांकरवी निरोप नको. तुम्हाला ती कशी वाटली ते तुम्हीच लिहा.

तुमची,
लता


३० जुलै १९९५

सौ. सुवर्णा पगारे,

तुमचे मिस्टर काल शाळेत आले होते. शिपायाने मला वर्गातून बोलावलं. पायरीवर उभं राहून म्हणाले, “मॅडम, एक विचारायचं होतं. ती मुलगी काढता येईल का?” मी विचारलं, का? तर म्हणाले, “हिला नको आहे.” बस. पुढे काही नाही. दोन महिन्यांनी आलेला हा तुमचा निरोप.

मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. ती मुलगी वाईट काढलीये का? हात चुकलाय? रंग भडक झालाय? तसं असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. पण नुसतं “नको आहे”? कापडाच्या दुकानात साडी परत करतात तसं?

तुम्ही चित्र विकत घेतलंत, मान्य. ते तुमच्या भिंतीवर आहे, तुमचं आहे. पण ते माझ्या हातून झालंय, हे काही त्याने बदलत नाही. विकलं म्हणजे माझा संबंध संपला, असं मला कधीच वाटलेलं नाही. ही अट मी सुरुवातीलाच सांगितली होती.

मी ती मुलगी पुसणार नाही. तुमचे मिस्टर भले गृहस्थ आहेत, खाली मान घालून गेले. त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही, याचं तेवढं वाईट वाटतंय.

लता देवरे


२९ मार्च १९९६

सुवर्णाताई,

गेल्या वर्षीचा राग मावळलाय. माझा राग असाच असतो, शाळेतल्या मुलींना विचारा. तोंडाने मोठा आणि आयुष्याने छोटा.

आखाजी जवळ आली. चित्र पाठवाल ना? काही करणार नाही मी त्याला, पोपटाला पेरूसुद्धा देणार नाही.

लता


८ एप्रिल १९९८

सुवर्णाताई,

दोन वर्षांपूर्वीचं माझं पत्र परत आलं होतं. वर लाल शाईत ‘बदली झाली’. मग एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या ऑफिसात माझी एक जुनी विद्यार्थिनी नोकरीला लागली, तिच्याकडून कळलं की तुम्ही आता कोराडीच्या वीज केंद्रावर असता. नागपूरच्याही पुढे! म्हणजे तुमच्या मिस्टरांची बदली झाली आणि त्यांच्याबरोबर माझ्या चित्राचीही. तिकडच्या उन्हात रंग कसे टिकत असतील या काळजीने मी नकाशा काढून बघितला. नकाशात ऊन दिसत नाही, तरी बघितला.

एवढ्या लांबून चित्र पाठवा असं म्हणायला मला तोंड नाही. तरी म्हणते. आई थकलीये. तिला आता बाकीची चित्रं आठवत नाहीत, पण “झोकावाली पोर येनी का?” हे दर वर्षी विचारते. मी सांगते, तिचं सासर लांब आहे.

आता येणारी चित्रंही कमी झालीत. मॅनेजर रिटायर होऊन मुलाकडे गेले. घोटीची भातखाचरं डॉक्टरांनी कुणालातरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली आणि कुणाला ते त्यांना आठवेना. सांगा, माझ्या डोळ्यासमोर ते चित्र लख्ख आहे, त्यातल्या बांधावरची पायवाटसुद्धा, आणि त्यांना घराचं नाव आठवेना.

एक चित्र मात्र मी स्वतः जाऊन भेटून आले. मी काढलेला गाडगे महाराज पुलाखालचा बाजार एका बिल्डरने घेतला होता. त्याने तो गंगापूर रोडच्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये लावलाय, लोकांना दाखवायला. मी गिऱ्हाईक बनून गेले. तिथला मुलगा मला बाथरूमच्या फरश्या दाखवत होता आणि मी दारातून हॉलच्या भिंतीकडे बघत होते. “मॅडम, व्ह्यू इकडे आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, माझा इकडे आहे. त्याने सोफ्याच्या रंगाला जुळतं म्हणून ते घेतलं होतं. तरी ते छान दिसत होतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. मी दोनदा गेले. तो मुलगा अजून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून विचारतो, देवरे मॅडमचं काय ठरलं.

तुम्हाला हे का सांगतेय? तुमच्याकडून उत्तर येत नाही, म्हणून बहुधा. उत्तर येत नसलं की माणूस जास्त बोलतो.

चित्र पाठवू नका वाटलं तर. पण ते भिंतीवर आहे की माळ्यावर, एवढं एका ओळीत कळवा.

लता


१८ फेब्रुवारी २००१

प्रिय सुवर्णा,

‘ताई’ आज गाळलंय. तू माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान आहेस हे मला आजवर माहीतच नव्हतं. ‘सौ. सुवर्णाताई’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे एक जाडसर, चष्मा लावलेली बाई उभी राहायची.

परवा रवी आले होते. हो, तुमचे मिस्टर, तुझा रवी. एकलहऱ्याला काही कागदांसाठी आले होते आणि तिथून आमच्याकडे. यावेळी मी आधी चहा ठेवला आणि मग “या” म्हटलं. आईने त्यांना ओळखलं नाही, पण कोराडीहून आले म्हटल्यावर “पोर कशी शे?” एवढं विचारलं. आहे कशी, असं. तिला चित्र म्हणायचं होतं. रवींना वाटलं ती तुझ्याबद्दल विचारतेय, आणि ते एकदम बोलायला लागले.

म्हणाले, “आजी, बरी आहे. पण आखाजी आली की ती बोलत नाही. चार-चार दिवस बोलत नाही.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. तुझ्या परवानगीशिवाय सांगितलं, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी सांगितलं ते असं, चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू येवल्याची. वडील पैठणी विणतात. घरामागे निंब आणि आखाजीला त्याला झोका. “मी बौद्ध मॅडम, ती साळ्यांची. कोर्टात लग्न केलं. तिच्या वडिलांनी त्या दिवसापासून नाव टाकलं. येवल्याची एसटी दिसली तरी ही तोंड फिरवते.” मी विचारलं, वडील इतके कठोर आहेत? तर रवी म्हणाले, “कठोर असं नाही. त्यांचं कामच तसं. एका साडीवर महिनोन् महिने बसायचं आणि मागावरून उतरली की तिच्याकडे बघायचं नाही. हात लावायचा नाही, कोण नेतंय विचारायचं नाही. म्हणायचे, गेलेल्या साडीकडे बघितलं की पुढच्या साडीत हात चुकतो. पोरीचंही त्यांनी तेच केलं.”

आणि मग म्हणाले, “तुमच्या चित्रात झोका रिकामा होता ना मॅडम. ही त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, बघ, अजून कुणी बसलं नाही. माझी जागा धरून ठेवलीये.”

सुवर्णा, सात वर्षं मी तुला पत्रं लिहिली. चित्राला माहेरी पाठवा, चित्राला माहेरी पाठवा. कुणाला लिहितेय हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या चित्राला माहेर होतं आणि तुला नव्हतं, आणि मी तुलाच सांगत होते की ते नेऊन पोचव. वर त्या झोक्यावर दुसरीच कुणी आणून बसवली आणि मोठं लेणं दिलं म्हणून मिरवले.

रवी गेल्यावर मला तुझ्या वडिलांचा फार राग आला. मग रात्रीच्या भाकरी थापताना वाटलं, आम्ही दोघं एकाच पंक्तीतले. दोघंही कामात जीव ओततो आणि ते दुसऱ्याच्या घरी जातं. त्यांना मागे वळून बघायचं नसतं, म्हणून त्यांची लेक तुटली. मला मागे वळून बघितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी लोकांच्या भिंतीवर जाऊन हात घालते. दोघांनाही नीट निरोप देता आला नाही.

तर आता असं कर. चित्र घेऊन ये. तू ये. रवींच्या हाती पाठवू नकोस. मी तुझ्यासमोर त्या मुलीला झोक्यावरून उतरवते. रंग वाळून दगड झाला असेल, खरवडावा लागेल, मागची सावली पुन्हा भरावी लागेल, पण जमवीन. झोका होता तसा रिकामा करून देते. आखाजीला ये. त्या दिवशी काम करत नसतात, पण आईला मी समजावीन.

तुझी,
लता


१३ मे २००१

प्रिय सुवर्णा,

गाडी वेळेवर पोचली का? डब्यातल्या मांड्यांचे तुकडे झाले असतील, ते दुधात कुस्करून खाल्लेस ना?

तू जाऊन आठ दिवस झाले तरी आमचं घर तुझ्याबद्दलच बोलतंय. घर म्हणजे आई. ती तुला अजूनही चित्रातली समजते की वेगळी, मला कळत नाही आणि मी विचारत नाही. तू रिक्षातून उतरलीस, चादरीत गुंडाळलेलं ते एवढं मोठं चित्र सांभाळत, आणि मी दार उघडलं. तू माझ्याकडे बघून जी हसायला लागलीस, ती थांबेचना. मला वाटलं, प्रवासाने हिचं डोकं फिरलं. तू ओसरीतच चादर सोडलीस आणि चित्र माझ्या शेजारी उभं केलंस.

“मागे वळा,” म्हणालीस. मी वळले.

“सहा वर्षं मी हिच्याशी घरात भांडतेय,” तू म्हणालीस. “रोज हिला विचारते, कोण गं तू, माझ्या जागेवर बसलेली? आणि आज हिनेच दार उघडलं.”

मी डोक्याला हात लावला. अंबाड्यात ब्रश होता.

खरं सांगते, मी ती मुलगी काढताना कुणालाही समोर ठेवलं नव्हतं. केसांत काहीतरी हवं म्हणून काडी घातली, एवढंच मला आठवत होतं. जगात अंबाड्यात काडी खोचून हिंडणारी दुसरी बाई कोण आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही. रवींनी मला इतक्या वेळा बघितलं, चित्र रोज बघितलं, त्यांच्याही लक्षात आलं नाही. पुरुषांचं एक जाऊ दे. पण माझ्या आईच्याही नाही. की तिला कळलं होतं, म्हणून तिने तेव्हा मुका घेतला होता?

तू असताना मी हे बोलू शकले नाही, म्हणून आता लिहिते. लहानपणापासून मी आईच्या गावी आखाजी बघितली. झोक्यावर पहिला मान सासरहून आलेल्या पोरींचा. त्या हक्काने बसायच्या, गायच्या, मधूनच रडायच्या, पुन्हा हसायच्या. मी दोर धरून उभी असायचे, माझी पाळी यायची वाट बघत. ती आलीच नाही. मी कुठे गेलेच नाही, तर परत कशी येणार? जी कायम घरातच असते, तिला कोण बोलावतं? मग मी माझी चित्रं धाडत राहिले आणि त्यांना बोलावत राहिले. शेवटी एका दुपारी, कुणाला न कळता, माझ्या स्वतःलाही न कळता, मी जाऊन त्या फळीवर बसले. आणि बसले ती नेमकी तुझ्या जागेवर.

दुपारी मी टर्पेंटाइनची बाटली, चिंध्या, पातळ सुरी, सगळं मांडून बसले होते. तू पाटावर बसून बघत होतीस. मी सुरी लावणार तेवढ्यात आई आतून आली, हातात ओटीचं ताट, तांदूळ, नारळ. नेहमीप्रमाणे चित्राच्या चौकटीला कुंकू लावेल म्हणून मी बाजूला झाले. तिने चित्राकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्यापुढे बसली.

“कितला उशीर कया वं माय!” एवढंच म्हणाली आणि तुझी ओटी भरली. मी म्हटलं, आई, आधी हे काम होऊ दे. तर मलाच ओरडली, “चित्र ऱ्हाऊ दे तठे. पोरना तोंडकडे देख.”

मी बघितलं. तू पदर पसरून बसली होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी. मग नाक पुसत तू म्हणालीस, “राहू द्या, लताताई. बसू दे तिला. मी आता इथे आलेय, मला तिथे जागा धरून ठेवायला नको.”

मी सुरी खाली ठेवली. असं कुणी माझ्या चित्राबद्दल कधी बोललं नाही आणि पुढेही बोलणार नाही.

यावेळी मी चित्रात काहीही घातलं नाही. तू शोधत बसशील म्हणून सांगतेय. पोपटाशेजारी दिसतोय तो माशीचा डाग आहे, तो तुमच्या कोराडीचा.

तू स्टेशनवर चित्र घेऊन डब्यात चढलीस तेव्हा मी नेहमीसारखी चित्रामागे धावले नाही. खिडकीतून चादर दिसत होती आणि तुझा हात. मी तुझ्या हाताकडे बघत होते.

तुझी,
लताताई


२ एप्रिल २००४

प्रिय सुवर्णा,

तू मोबाईल घेतलास आणि नंबरही कळवलास, पण मला पत्रच बरं. फोनवर मला काय बोलायचं ते सुचत नाही आणि मुलींना ओरडते तशी मोठ्याने बोलते.

गेल्या वर्षीचा कुंभमेळा आटोपला, आमच्या गल्लीचा रस्ता मात्र त्या निमित्ताने कायमचा गुळगुळीत झाला. आईला तो रस्ता बघायला मिळाला, त्यावरून ती शेवटचीच गेली. तू दिवाळीनंतर चार दिवस येऊन राहिलीस, तिच्या उशाशी बसलीस, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. आभार मानले तर तिला आवडणार नाही.

तू तेव्हा सांगितलंस, की येवल्याला वडिलांना पत्र टाकलंय आणि उत्तर नाही. टाकत राहा. उत्तर न येणाऱ्या पत्रांची मला सवय आहे, काही काही फार उशिरा पोचतात.

माझं नवं काम बरं चाललंय. गेल्या महिन्यात दोन चित्रं गेली. एक मुंबईला, एक कुठे ते मी विचारलं नाही. खरंच नाही विचारलं. माणूस चांगला वाटला, चित्र नीट धरत होता, तेवढं पुरे झालं. दाराशी उभं राहून मी त्याला फक्त “सांभाळून न्या” म्हटलं. मग आत येऊन भिंतीवरचा तो पांढरा चौकोन बघत चहा प्यायले. वाईट वाटलं. वाटायचंच, त्याला आता माझी हरकत नाही. अट घातली नाही.

आखाजी या महिन्यात आहे. यंदा आईच्या नावाची घागर भरायची आहे. कैऱ्या आल्यात, मांडे मला तिच्यासारखे जमत नाहीत, जाड होतात, पण करीन. मागच्या अंगणात निंब नाही, शेवगा आहे, त्याला झोका बांधला तर फांदी मोडेल आणि आपण दोघी पडू. तरी दोर आणून ठेवलाय.

चित्र आणू नकोस. एवढं जड कशाला वागवायचं. ते तिकडे भिंतीवर बरं आहे.

तू ये.

तुझी,
लताताई